वेगळा डबा

‘वेगळा’ हा शब्द आमच्या घरात सहसा कोणी उच्चारीत नाही. वेगळी चूल, वेगळा जिना, वेगळे मीटर हे शब्द आमच्या आळीतल्या बहुतेक वाड्यांत केव्हा ना केव्हा उच्चारले गेले आणि पुढे त्या वाड्यांचे काय झाले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. प्रथम ओटीच्या मधोमध विटांची एक भिंत उभी राहते. मग तुळशीवृंदावन कोणाच्या वाट्याचे यावरून मोजणीदारांच्या फेऱ्या सुरू होतात. शेवटी दोन्ही भाऊ पुण्यास राहावयास जातात, वाड्याच्या जागी चार मजली इमारत उभी राहते आणि तिला ‘मातृछाया’ असे नाव देण्यात येते.

असे असता गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात, रात्री जेवताना मी सहज बोलून गेलो, “वरच्या मजल्यासाठी एक वेगळा मोडेम घ्यावा म्हणतो.”

आमटी वाढता वाढता वहिनींचा हात थांबला. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. दादांनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरला.

“वेगळा?” ते म्हणाले.

“मोडेम, दादा. इंटरनेटचा डबा. आपला खालचा वर पोचत नाही म्हणून.”

“हां, डबा होय,” दादा म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले.

वहिनी म्हणाल्या, “आणायचाच तर घट बसल्यावर आणा, भावजी. पंधरवड्यात नवी वस्तू नको.”

एवढेच बोलणे झाले. दादा एरवीही जेवताना फार बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या गप्प राहण्याकडे मी लक्ष दिले नाही. लक्ष द्यावयास हवे होते.

आमची थोडी ओळख करून देणे भाग आहे. आम्ही वाईचे. कृष्णेच्या घाटापासून पाच-सात मिनिटांच्या वाटेवर आमचा वाडा आहे. वाडा म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर दोन चौक आणि दिंडीदरवाजा उभा राहील. तसा तो नाही. खाली चार खोल्या, वर तीन आणि मध्ये एक काळोखा जिना. खाली दादा-वहिनी राहतात. वर मी, पत्नी आणि मुलगी. चूल एकच, ती खाली. दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दादा नुकतेच टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले होते. मला इंजिनिअर करावे अशी त्यांची फार इच्छा होती. मी शालान्त परीक्षेचा उंबरठा कसाबसा ओलांडला, चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि गावातल्याच एका शाळेत लागलो. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. आजवर चार छापून आल्या. दादांनी त्यांतली एकही वाचलेली नाही. पण चारींच्या प्रती त्यांनी ओटीवरच्या कपाटात, जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या शेजारी ओळीने लावून ठेवल्या आहेत.

२०२१ साली आमच्या आळीत काचेची तार आली. लोक तिला ‘फायबर’ म्हणतात. दादा आदल्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते. बत्तीस वर्षे त्यांनी तांब्याच्या तारेची सेवा केली; खांबांवर चढून, पावसाळ्यात खड्ड्यांत उतरून, शेकडो जोड्यांतून नेमकी बिघडलेली जोडी हुडकून निम्मे गाव बोलते ठेवले. कंपनीच्या मुलाने ती शेवईसारखी पिवळी तार ओटीवर आणली तेव्हा दादांनी ती बोटांत धरून पाहिली. “काका, जास्त वाकवू नका, आत काच आहे,” मुलगा म्हणाला. आपल्या आयुष्यभराच्या कामाला उतारवयात असा काचेचा पर्याय निघालेला पाहून माणसाला काय वाटत असेल ते मला सांगता यावयाचे नाही. दादांनी फक्त विचारले, “ही तुटली तर गाठ कशी मारता?” मुलगा म्हणाला, “गाठ नाही मारत. यंत्रात धरून वितळवून जोडतो.” दादांनी मान डोलावली.

ही तार मोठी नवलाची आहे. आतली काच केसासारखी बारीक आणि तिच्यातल्या ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाश मैलोगणती संदेश वाहून नेऊ शकेल, हे चार्ल्स काओ या शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडले आणि त्याबद्दल २००९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. एक्स्चेंजमधून निघालेली अशी एक तार वाटेतल्या एका डबीत फुटते आणि बत्तीस, क्वचित चौसष्ट घरांना पुरते. गंमत अशी, की वरून येणारा प्रकाश सगळ्या घरांत सारखाच जातो. शेजारच्यांचा सिनेमा, समोरच्यांचा हिशेब आणि माझ्या मुलीचा पाठ हे सगळेच आमच्या ओटीपर्यंत येऊन पोचते. आमचा डबा त्यांतले फक्त आमचे तेवढे उचलतो; दुसऱ्यांचे त्याला कुलूपबंद असते. हे मी दादांना समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, “बरोबर आहे. खांबावर टेस्टर लावला की आम्हालाही ऐकू यायचं. पण दुसऱ्याचं ऐकायचं नसतं.”

कंपनीने दिलेला डबा खाली ओटीवरच्या कोनाड्यात बसला. जोडणी दादांच्या नावावर आहे. एवढासा डबा, पण तो दोन माणसांची कामे करतो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

पहिले काम दुभाष्याचे. बाहेरची बोली वेगळी, घरातल्या यंत्रांची वेगळी. एकीतले दुसरीत सांगावयाचे. मोडेम हे नावच त्या दुहेरी कामावरून पडले. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल कंपनीचा जो मोडेम निघाला तो टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला तीनशे बिट, म्हणजे जेमतेम तीस-पस्तीस अक्षरे पाठवीत असे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाले, त्यानंतर आमच्यासारख्या गावांतही मोडेम येऊ लागले. जोडणी होताना ते जो आवाज करीत तो ज्यांनी ऐकला आहे ते विसरणार नाहीत. “फोनमधून कोल्हे ओरडतात,” अशी तक्रार घेऊन एक आजोबा दादांना शोधीत घरी आले होते. काचेच्या तारेवरच्या डब्याला जाणकार मोडेम म्हणत नाहीत. त्याचे शास्त्रीय नाव निराळे आहे. पण काम तेच, दुभाष्याचे, म्हणून आळीतले सगळे त्याला मोडेमच म्हणतात आणि मीही म्हणतो.

दुसरे काम घरच्या कर्त्याचे. याला म्हणतात राउटर. बाहेरच्या जगाला आमच्या घराचा पत्ता एकच ठाऊक. घरात मात्र टॅब, फोन, संगणक, प्रिंटर अशी खाणारी तोंडे अनेक. कोणाचे काय आले ते पाहून ज्याचे त्याला वाढावयाचे, आणि त्यासाठी प्रत्येकाला एक घरगुती नंबर द्यावयाचा. हे नंबर बहुधा १९२.१६८ पासून सुरू होतात. हे आणि असेच आणखी काही आकडे १९९६ च्या एका नियमाने घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. लक्षावधी घरांत तेच नंबर आहेत आणि तरी घोटाळा होत नाही. आपल्याकडे घरटी एक बाळू असतो, एक माई असते. पण कोणी हाक मारली म्हणून दुसऱ्याच्या घरचा बाळू धावत येत नाही, कारण ती हाक उंबऱ्याबाहेर जातच नाही. तसेच हे.

तर असा हा दुभाषी-नि-कर्ता डबा खाली ओटीवर आणि आम्ही वर. मधली भिंत दीड हात जाडीची, दगडमातीची. या डब्याच्या लहरी दोन जातींच्या असतात. एक जात चपळ, पण भिंतीपुढे लवकर हात टेकणारी. दुसरी थोडी मंद, पण भिंतीतून बरी जाणारी. आमच्या भिंतीपुढे दोघींनीही हात टेकले. मुलगी बारावीला. तिचे निम्मे पाठ संगणकाच्या पडद्यावर. लहरी जिथवर पोचत तिथे, म्हणजे जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसून ती वर्षभर रसायनशास्त्र शिकली. जाणारा-येणारा तिच्या अंगावरून जाई आणि ती दर वेळी वही छातीशी धरून भिंतीला चिकटे. मोडेमची गोष्ट मी काढली ती यासाठी.

घट बसल्यावर मी पुण्याहून चार शिंगांचा एक राउटर आणला. दुकानदाराने त्याला राउटर म्हटले, मी घरी मोडेम म्हणालो, आणि वहिनींनी त्याच्यावर हळदकुंकू वाहिले. खालच्या डब्यातून एक तार काढली, ती जिन्यावरून वर नेली आणि नव्या डब्यात खोचली. काहीच होईना. दोन संध्याकाळी मी शिक्षकाच्या चिकाटीने झटलो तेव्हा कारण उमगले. खालच्या डब्याचा घरगुती नंबर १९२.१६८.१.१ आणि वरच्याचाही तोच! एका घरात दोन बाळू, आणि दोघेही कर्ते. मी वरच्याचे बारसे नव्याने केले, १९२.१६८.२.१. मग वर इंटरनेट आले. मुलगी पायरीवरून उठून टेबलाशी बसली. मी मोठ्या समाधानाने एक प्रकरण लिहून काढले आणि छापावयास गेलो, तर प्रिंटर सापडेना.

प्रिंटर खाली होता. तो खालच्या कर्त्याच्या घरचा, माझा संगणक वरच्या कर्त्याच्या. एका छपराखाली दोन घरे झाली होती आणि एका घरच्या यंत्राला दुसऱ्या घरच्या यंत्राची ओळख लागेना. मी वैतागलो आणि प्रिंटर उचलून वर घेऊन आलो. वहिनी ओटीवर वाती वळीत बसल्या होत्या. “नेताय का?” त्या म्हणाल्या. “हो, वरच बरा,” मी म्हणालो. जिना चढताना माझ्या डोक्यात कादंबरीचे प्रकरण होते. खालून वर पहिली वस्तू चालली आहे हे मला दिसले नाही. त्यांना दिसले असावे.

तरीही वर मधूनमधून अडखळणे होतेच. एका शुक्रवारी कंपनीचा तो मुलगा आळीत आला होता, त्याला घेऊन आलो. त्याने पाहिले आणि म्हणाला, “सर, तुम्ही राउटरच्या मागे राउटर लावलाय. प्रत्येक गोष्टीचा नंबर दोनदा बदलतो. आमच्या डब्याला ब्रिजवर टाकतो, सगळा कारभार तुमचा डबा करील.” ब्रिज म्हणजे पूल. खाली-वर जोडणारा पूल असे काही माझ्या मनाने घेतले आणि मी आनंदाने होकार दिला. त्याचा खरा अर्थ असा, की खालच्या डब्याने कर्तेपण सोडावयाचे, फक्त दुभाषी म्हणून राहावयाचे. तारेतून आलेले जसेच्या तसे वर देऊन टाकावयाचे. कंपनीला आपले नाव आणि परवलीचा शब्द सांगण्याचे कामही आता माझ्या डब्याकडे आले. दहा मिनिटांत सगळे झाले. वरचे इंटरनेट कृष्णेला पूर यावा तसे धावू लागले. मी मुलाला चहा दिला. खाली कोनाड्यात डब्याचे हिरवे दिवे पूर्वीसारखे लुकलुकत होते. त्यांतला एक विझला आहे, हे मी पाहिले नाही.

तो एक दिवा वायफायचा होता. कर्तेपण सोडलेला आमचा तो डबा आपल्याभोवती लहरीही पसरीत नाही. तो आता फक्त वरच्या मजल्यासाठी जागा होता.

दादांचा फोन बटनांचा. त्यांना इंटरनेट लागत नाही. पण वहिनींजवळ एक टॅब आहे. पुतण्या जर्मनीत नोकरीला असतो, त्याने पाठविलेला. त्यात सिमकार्ड नाही; घरच्या वायफायवरच तो चालतो. दर रविवारी रात्री आठ वाजता, तेव्हा तिकडे दुपार असते, वहिनी देवापाशी दिवा लावून झाल्यावर तो टॅब तांब्याला टेकवून उभा करतात आणि अडीच वर्षांचा नातू पडद्यावर येतो. त्याला त्या प्रत्येक रविवारी एक मराठी शब्द शिकवितात. पाणी, भात, चिऊ, आजोबा. शब्दांची यादी त्यांनी दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवली आहे.

त्या रविवारी रात्री पुतण्याचा मला निरोप आला, “काका, आई दिसत नाही आज. बरी आहे ना?” मी लिहिण्यात होतो. “बरी आहे,” असे उत्तर पाठवून मी पुन्हा लिहू लागलो. पुढल्या रविवारी पुन्हा तसाच निरोप आला. “कामात असेल,” मी कळविले. दोन्ही वेळा मी दहा पायऱ्या उतरून खाली गेलो नाही. कादंबरीत मी माणसांच्या मनातले पानेच्या पाने लिहितो, ही गोष्ट इथे नमूद करून ठेवतो.

त्यानंतरच्या शनिवारी मुलगी खालून तरातरा वर आली. “बाबा, काकूच्या टॅबला नेट नाहीये. पंधरा दिवस. तुम्ही बंद केलंत?”

मी खाली गेलो. वहिनी करंज्यांसाठी खोबरे किसत होत्या. “काही नाही हो भावजी,” त्या म्हणाल्या, “तुम्ही वेगळं केलंत ना, म्हटलं पोरीचा अभ्यास आहे, लागत असेल सगळं वर. टॅबवर तुमचं नवं नाव दिसतं. पण त्याला कुलूप आहे.”

वायफायच्या नावापुढे कुलपाचे लहानसे चित्र असते. परवलीचा शब्द मागा, एवढाच त्याचा अर्थ. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून ज्या बाईने एक कपाट कुलूप लावून ठेवले नाही तिला त्या चित्राचा दुसरा काय अर्थ लागावा?

“मागायचा नाही का, वहिनी?”

“मागायचा कसा? ह्यांनी सांगितलं होतं, तो बोलला आहे वेगळं म्हणून, आपण मध्ये काही म्हणायचं नाही.”

दादा ओटीवर झोपाळ्यावर होते. त्यांनी हे ऐकले. वर पाहिले नाही. पंधरवड्यातल्या त्या एका शब्दाने खाली काय काय घडले होते ते मला तेव्हा कळले. प्रिंटर वर गेला, तार वर गेली, खालचा डबा मुका झाला. आणि पुढे काय जाणार याची ती दोघे वाट पाहत होती.

मी त्या मुलाला फोन केला. भल्या माणसासारखा तो रात्री सात वाजता मोटारसायकलवरून आला. मी म्हणालो, “तुमचा डबा पहिल्यासारखा कर. कर्ता तोच राहू दे.” तो बुचकळ्यात पडला. “सर, मग तुमच्या डब्याचा काय उपयोग? एवढा भारीतला घेतलाय. त्याला नुसता ॲक्सेस पॉइंट करायचा?”

“म्हणजे काय?” हे दादांनी विचारले. ते केव्हा येऊन मागे उभे राहिले मला कळले नाही.

मी सांगू लागलो. वरचा डबा नंबर वाटणार नाही. ते काम खालच्याचे. वरचा स्वतःचे घर मांडणार नाही. खालून तारेने जे येईल ते तो फक्त वरच्या खोल्यांत पसरवील. दोघांचे नाव एक, परवलीचा शब्द एक. टॅब खाली असो की वर, त्याला घर एकच दिसेल.

दादांनी दोन क्षण विचार केला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे पॅरलल की!” ते म्हणाले.

ज्या वाचकांच्या घरी जुन्या काळी टेलिफोन होता त्यांना हा शब्द ठाऊक असेल. एकाच तारेवर दोन यंत्रे. घंटा दोन्हीकडे एकदम वाजे, बोलणे कुठूनही करावे. माझे लग्न २००५ साली झाले. नवरी घरात यावयाच्या आदल्या दिवशी दादा शिडी घेऊन जिन्यात उभे होते. “तिच्या माहेरचा फोन आला तर तिला एवढ्या लोकांतून धावत खाली यायला नको,” असे म्हणून त्यांनी वर पॅरलल बसविला. पॅरललची एक खोड अशी, की खालचे यंत्र उचलले की वरचे सगळे ऐकू येते आणि उचलल्याची टिक वर कळते. माझी पत्नी सांगते, इतक्या वर्षांत आईशी बोलताना ती टिक तिने एकदाही ऐकली नाही. त्याच वहिनींच्या टॅबपुढे मी कुलूप लावले होते.

मुलाचे काम अर्ध्या तासाचे. खालच्या डब्याला त्याचे नाव आणि परवलीचा शब्द परत दिला. विझलेला दिवा लागला. वरच्या डब्याचे नंबर वाटणे बंद केले, त्याला १९२.१६८.१.२ असा साधा धाकटा नंबर दिला, आणि त्याच्या पाठीवरच्या निराळ्या भोकात खोचलेली तार काढून ती घरगुती यंत्रांसाठी असलेल्या भोकांपैकी एकात लावली. माझ्या भारी डब्याचे कर्तेपण असे संपले. खोटे कशाला सांगू, मला थोडी हळहळ वाटली. मोजून दिलेले पैसे होते. पण संगणकाने खालीवर शोधून प्रिंटर लगेच दाखविला, आणि मी तो उचलून पुन्हा ओटीवर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकण्याच्या आवाजाने मला जाग आली. जिन्यावर मी सोडलेली तार लोंबत होती. कोणाच्या तरी पायात येणार म्हणून पत्नी रोज बोलत असे. दादांनी आपली जुनी कातडी पिशवी काढली होती. एकसष्ट वर्षांचा माणूस जिन्यात उकिडवा बसून, वीत-वीत अंतरावर चिमटे ठोकीत, तार कडेकडेने नेत होता. वळणावर त्यांनी ती काटकोनात न मोडता अंगठ्याभोवती हळुवार गोल फिरविली.

“मास्तर, तार ओढणं म्हणजे चित्र काढणं नव्हे,” माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. “धर ते टोक.”

मी टोक धरले. नऊ वर्षांचा असताना त्यांच्या कामावर मागे लागून जाई, तेव्हाही माझ्याकडे हेच काम असे.

चिमटे ठोकून झाले तेव्हा मी म्हणालो, “दादा, त्या दिवशी वेगळा म्हणालो ते डब्याबद्दल म्हणालो.”

“ठाऊक आहे.”

“मग तेव्हाच विचारायचं नाही का?”

“तू तरी कुठं खाली आलास?” दादा म्हणाले आणि पिशवीचा पट्टा आवळू लागले.

या एका संध्याकाळीने आमच्या घरातले सगळे प्रश्न मिटले असे म्हणवत नाही. पुतण्या परत येईल असे दिसत नाही. मुलगी पुढल्या शिक्षणास पुण्याला जाईल. या वाड्याचे काय करावयाचे हा प्रश्न कधीतरी ताटांवर येईलच आणि ‘वेगळे’ हा शब्द कोणाला तरी उच्चारावा लागेल. तेव्हा तो नीट, समोरासमोर बसून, पुरता उच्चारावा, एवढे मी ठरविले आहे.

त्या रविवारी आठ वाजता नातू पडद्यावर आला. दोन आठवडे बुडालेले, म्हणून वहिनींनी त्याला एकदम तीन शब्द शिकविले. त्यांतला एक ‘दिवा’ होता.

पुढे दिवाळी आली. पहिल्या दिवशी पहाटे मी वरच्या गच्चीत आकाशकंदील टांगला. तो नातवाला दाखवावा म्हणून वहिनी त्या रात्री टॅब हातात धरून बोलत बोलत जिना चढू लागल्या. जिन्याच्या वळणावर खालच्या डब्याचा हात सुटतो आणि वरच्याचा अजून लागलेला नसतो. तिथे चित्र क्षणभर थांबते. मुलाचे तोंड उघडे, हात वर, असा तो पडद्यावर थिजला. पूर्वी वहिनी घाबरल्या असत्या. आता त्यांना हे माहीत आहे. त्याही त्या पायरीवर थांबल्या, पदर सावरला, आणि चित्र पुन्हा हलू लागल्यावर म्हणाल्या, “चल, आलो वर.”